दहाड: अंजली भाटीचा तपास कोर्टात टिकेल का?

रानवारा

'दहाड' आली १२ मे २०२३ ला, प्राइम व्हिडिओवर, आठ भाग. रीमा कागती आणि झोया अख्तर यांची निर्मिती, दिग्दर्शन कागती आणि रुचिका ओबेरॉय यांचं. खुनी कोण हे मालिका सुरुवातीलाच दाखवून मोकळी होते, त्यामुळे लिहायला हरकत नाही: विजय वर्माचा आनंद स्वर्णकार, मुलींच्या कॉलेजात हिंदी शिकवणारा. शेवट मात्र कृपा करून फोडू नका, न पाहिलेले अजून पुष्कळ आहेत.

माझं म्हणणं असं. मंडावा ठाण्याची सब-इन्स्पेक्टर अंजली भाटी (सोनाक्षी सिन्हा) बुलेटवर फिरते, ज्युडो खेळते, ते पोस्टरपुरतं ठीक. खरा तपास चालतो रजिस्टरांवर. एक मुलगी घरातून निघून जाते, भाऊ तक्रार घेऊन येतो, ठाणं त्याला वाटेला लावतं. पुढे तिच्या फोनचा माग काढताना जो नंबर हाती लागतो तो दुसऱ्याच बेपत्ता मुलीचा. दुसरीकडे सार्वजनिक स्वच्छतागृहांत सापडलेली प्रेतं: आतून कडी, नव्या नवरीचा वेश, पोटात विष. ज्या त्या ठाण्यानं आत्महत्या म्हणून फाइल मिटवलेली.

अशा फाइलीला राजस्थानात मर्ग म्हणतात, आपल्याकडे अकस्मात मृत्यू. ती फाइल एका जिल्ह्यात, आणि मिसिंगची नोंद (तिकडे 'गुमशुदगी') भलत्याच जिल्ह्यात. दोन्ही शेजारी ठेवायच्या तर हाताशी काय असतं? निघून गेल्याची आणि प्रेत सापडल्याची तारीख, अंदाजे वय, उंची, गोंदण, जुन्या जखमेचे व्रण, कपडे. आणि कपडेच दगा देतात. घरच्यांनी लिहून दिलेला असतो साधा सलवार-कुर्ता, प्रेताच्या अंगावर लग्नाचा जोडा. कारकून दोन्ही कागद वाचतो आणि पुढचं पान उलटतो. त्यातून बऱ्याच घरांनी 'पळून गेली' म्हटल्यावर लाजेखातर तक्रारच दिलेली नाही, म्हणजे जुळवायला दुसरा कागदच नाही.

हे एवढं चिकाटीनं दाखवणारी दुसरी हिंदी मालिका माझ्या पाहण्यात नाही. पोलिसी कामाशी सर्वांत प्रामाणिक राहिलेली हिंदी मालिका हीच. हाणा आता.

कलम_३०२

हाणतो. गुन्हा उघडकीला येण्यापर्यंत मान्य. पण तुम्ही 'पोलिसी काम' म्हणताय, आणि त्या कामाचा शेवट दोषारोपपत्रात होतो. तिथे ही केस गळते.

विषप्रयोगाच्या केसला आपल्याकडे जी फूटपट्टी लावतात ती पुण्यातल्याच एका प्रकरणातून आलेली. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. मृत्यू पोटॅशियम सायनाइडनं. सत्र न्यायालयानं फाशी दिली, उच्च न्यायालयानं कायम केली, सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये निर्दोष सोडलं. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रं, ज्यांना वकील मंडळी 'पंचशील' म्हणतात, ती याच निकालातली. त्याच निकालात विषाच्या केससाठी चार गोष्टी सांगितल्या आहेत: आरोपीला मारण्याचं स्पष्ट कारण होतं, मृत्यू त्याच विषानं झाला, ते विष आरोपीच्या ताब्यात होतं, आणि ते देण्याची संधी त्याला मिळाली.

स्वर्णकारवर ही चार लावून पाहा. मृत्यूचं कारण सायनाइड, ठीक. विष ताब्यात होतं? घराणं सोनाराचं, मुलामा देण्याच्या कामात सायनाइड वापरतात, पण 'सोनाराच्या घरात असू शकतं' आणि 'याच्याकडून पंचांसमक्ष जप्त केलं' यांत जमीन-अस्मानाचं अंतर. संधी? बाई एकटी आत गेली, आतून कडी लावली, गोळी स्वतःच्या हातानं घेतली. त्या क्षणी आरोपी दाराबाहेरसुद्धा नाही. कारण काय, तर विकृती; आणि ती साक्षीदारांच्या पिंजऱ्यात उभी करता येत नाही.

अंजली भाटीला खुनी सापडला. सरकारी वकिलाला काय सापडलं?

रानवारा

मालिका पोलीस ठाण्याची आहे हो, कोर्टाची नाही. तरी उत्तर देतो. एकच मृत्यू घेतला तर तुमचे चारही प्रश्न बरोबर. पण इथे एक मृत्यू नाहीच. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १५ पाहा: कृती अपघाती की हेतुपुरस्सर असा प्रश्न असेल, तर तसल्याच घटनांची मालिका ग्राह्य धरता येते. विम्याच्या पैशासाठी एकामागून एक घरं पेटवणाऱ्याचं उदाहरण त्या कलमाखालीच दिलंय. वेगवेगळ्या गावांतल्या बायका, प्रत्येकीचं गुपचूप लग्न ठरलेलं, प्रत्येक वेळी स्वच्छतागृह, प्रत्येक वेळी तेच विष. याला आत्महत्यांचा योगायोग कोण म्हणेल?

टेस्ट ट्यूब

दोघेही 'मृत्यू सायनाइडनं' हे गृहीत धरून भांडताय. खरा गळका नळ तिथेच आहे. मालिकेवर माझा राग आहे तो यासाठी.

सायनाइडचं प्रेत सरकारी शवागारात ओळखू येईलच असं नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं: कडू बदामाचा वास आणि प्रेताच्या खालच्या बाजूला साकळलेल्या रक्ताला गुलाबी-लालसर झाक. वास काही माणसांना उपजतच येत नाही. सावळ्या अंगावर गुलाबी झाक सहज दिसत नाही. नखांखाली, ओठांच्या आतल्या बाजूला पाहावी लागते. कार्बन मोनॉक्साइडनं गेलेल्याच्या आणि शीतपेटीत ठेवलेल्या प्रेतावरही तशीच झाक येते. म्हणून शहाणा डॉक्टर कारण लिहीत नाही, 'व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयव) राखून ठेवला, मत राखीव' एवढंच लिहितो.

मग व्हिसेरा. जठर आतल्या द्रव्यासकट, लहान आतड्याचा सुरुवातीचा साधारण ३० सेंटिमीटर भाग, यकृताचा तुकडा, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग, शिवाय रक्त वेगळ्या बाटलीत. जठर-आतडं एका बरणीत, यकृत-मूत्रपिंड दुसऱ्या. मिठाचं संपृक्त द्रावण, बरणी दोन तृतीयांशच भरायची, आणि ज्या द्रावणात ठेवलं त्याचाही कोरा नमुना सोबत. तो नमुना विसरला की बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. सगळ्यावर लाखेचं सील आणि सीलचा नमुना कागदावर.

आणि सायनाइड उडून जाणारं. झाकण सैल, बरण्या ठाण्याच्या मालखान्यात पंधरा-पंधरा दिवस, प्रयोगशाळेत आणखी काही महिने: आकडा घसरत जातो. उलट, कुजताना शरीरात थोडं सायनाइड तयारही होतं. म्हणजे खूप कमी सापडलं तर 'विष होतं' म्हणणंही अवघड आणि 'नव्हतं' म्हणणंही. जी प्रेतं बेवारस म्हणून जाळली, त्यांचा व्हिसेरा तेव्हा राखला नसेल तर विषय संपला. तुमचं कलम १५ राखेवर लागत नाही.

मालिकेत सायनाइड हा सगळ्यांना बांधणारा दोरा आहे. इतक्या ठाण्यांत, इतक्या डॉक्टरांनी, इतक्या नीट बरण्या भरल्या? मला तरी पचलं नाही.

खिडकीतली सीट

आठ भाग जास्तच झाले. ठाणेदार देवीलालच्या (गुलशन देवैया) घरचं भांडण आणि पारघीच्या (सोहम शाह) बायकोचं गरोदरपण कापलं असतं तर सहात मावलं असतं. बाकी तुमचं चालू द्या.

वेताळ

टेस्ट ट्यूब, बरण्यांचं सोडा, सब-इन्स्पेक्टरच्या हातात एवढी सत्ता कुठून आली ते आधी सांगा. सीडीआर, म्हणजे कॉलचा तपशील, मागवायचा अधिकार पोलीस अधीक्षक दर्जापासून वर. उपनिरीक्षकानं अर्ज लिहायचा, ठाणेदारानं पुढे पाठवायचा, अधीक्षक कार्यालयाच्या ईमेलवरून कंपनीकडे जायचा. तीन जिल्ह्यांच्या मर्ग फाइली एका उपनिरीक्षकाच्या टेबलावर येतात त्या विशेष तपास पथकाचा आदेश निघाल्यावर, त्याआधी नाही.

शिवाय तपशील किती जुना मिळतो? कंपन्यांना पूर्वी एक वर्षच जपून ठेवायचं बंधन होतं, डिसेंबर २०२१ मध्ये ते दोन वर्षं झालं. वर्षानुवर्षं बळी घेणाऱ्याच्या जुन्या खुनांचे कॉल केव्हाच पुसले गेलेले असणार.

आणि बुलेट, ज्युडो वगैरेला 'पोस्टरपुरतं' म्हणून सोडू नका. देशातल्या पोलीस दलात बायका साधारण १२ टक्के, अधिकारी पदांवर त्याहून कमी. ठाण्यात त्यांच्या वाट्याला काय येतं? महिला कक्ष, कौटुंबिक तक्रारी, बंदोबस्त, महिला आरोपीची झडती. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची नाही आणि अपवादानं करायचीच तर महिला अधिकाऱ्यानं, दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन, असा नियम असल्यामुळे रात्री-अपरात्री शेजारच्या ठाण्यातूनही बोलावणं. खुनाचा तपास ठाणेदार सहसा स्वतःकडे ठेवतो. या मालिकेत तो सहज बाईंकडे येतो. ही इच्छापूर्ती झाली, प्रामाणिकपणा कसला.

पिंपळपान

वेताळ, उलटं वाचताय. तपास तिच्याकडे येतो कारण सुरुवातीला तो कुणाला नकोच असतो. सज्ञान मुलगी, गरीब घर, खालची मानलेली जात, हुंड्यासाठी लग्न अडलेलं: हे मिसिंग ठाण्यात ज्याच्या गळ्यात मारता येतं त्याच्या गळ्यात मारतात. त्याच सुमारास वरच्या जातीतली मुलगी मुसलमान मुलाबरोबर गेलेली असते आणि तिच्यासाठी सगळं ठाणं धावतं. ते पाहून या मुलीचा भाऊ आपली तक्रार कशी बदलतो, ते आठवा. एफआयआर कधी नोंदली जाते हे त्या प्रसंगात जितकं नेमकं दाखवलंय तितकं व्याख्यानात कळत नाही. ललिता कुमारी निकालानं (२०१३) दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर सक्तीची केली. सज्ञान माणूस बेपत्ता होणं हा मुळात गुन्हाच नाही, म्हणून ठाणं रोजनाम्यात दोन ओळी लिहून मोकळं. भावाच्या नव्या तक्रारीत एका माणसावर आरोप येतो आणि दार उघडतं.

खिडकीतली सीट यांनाही सांगते, जातीचा भाग कापायचा नाही. अंजलीचं मूळ आडनाव मेघवाल, वडिलांनी भाटी लावलं. ठाण्यातला एकजण ती जवळून गेली की उदबत्ती पेटवतो. ज्या वाड्यात तिला उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत, तिथल्या बायकांचा जबाब कोण घेणार? जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १६० नुसार बाईला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या जागी जावं लागतं. दार उघडलं नाही तर जबाब नाही. हा तपासाचाच भाग झाला.

कलम_३०२

पिंपळपान, एफआयआरचा मुद्दा पक्का, माझी हरकत नाही. जबाबाबद्दल मात्र थोडी भर. कलम १६१ चा जबाब पोलिसासमोरचा. त्यावर सही घ्यायचीच नसते, आणि कोर्टात त्याचा उपयोग बहुतेक साक्षीदार फिरला तर त्याला खोडण्यापुरताच. अशा केसमध्ये आई-बहिणीचा जबाब दंडाधिकाऱ्यासमोर कलम १६४ खाली लवकरात लवकर घ्यावा लागतो, कारण सहा महिन्यांत गावातले लोक घरच्यांना 'कशाला लेकीची अब्रू चव्हाट्यावर' म्हणून गप्प करतात. मालिकेत अंजली घरोघरी जाते, ऐकते, डोळ्यांत पाणी आणते. १६४ साठी कुणाला नेताना मला तरी दिसली नाही.

रानवारांच्या कलम १५ कडे येतो. मालिकेतल्या खुन्याचं कर्नाटकातल्या सायनाइड मोहनशी साधर्म्य उघड आहे: तोही शिक्षक, लग्नाचं आमिष, गर्भनिरोधक म्हणून दिलेली गोळी, बसस्थानकाची स्वच्छतागृहं. २००९ मध्ये पकडला, २० बायकांचे खून. आता विचारा, एक मोठा खटला का झाला नाही? कारण जुन्या फौजदारी संहितेचं कलम २१९: एकाच प्रकारचे, बारा महिन्यांच्या आतले, जास्तीत जास्त तीन गुन्हे एका खटल्यात जोडता येत. बाकीचे सुटे. म्हणून २० खटले वेगवेगळे चालले, शेवटचा निकाल २०२० मध्ये लागला. आणि प्रत्येक खटला स्वतःच्या पायावर उभा करावा लागला. बहुतेक ठिकाणी भक्कम पाय होता दागिने. तो बायकांना दागिने खोलीवर ठेवायला सांगून नंतर ते घेऊन पसार व्हायचा. विकलेले, गहाण टाकलेले दागिने त्याच्या सांगण्यावरून जप्त झाले, घरच्यांनी ओळखले. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७. कबुली पोलिसासमोरची म्हणून बाद, पण तिच्यामुळे जी वस्तू सापडली तेवढा भाग ग्राह्य.

मालिकेनं विकृतीला महत्त्व दिलं आणि दागिन्यांना दुय्यम केलं. नाट्य म्हणून बरोबर. पुरावा म्हणून उलटं.

रानवारा

दागिन्यांचा मुद्दा घेतला, वादच नाही. पण पुराव्याचा दुसरा पाय मालिकेत आहे आणि तुम्ही त्याच्यावरून पुढे गेलात: फोन. मागच्या मुलीच्या नंबरावरून पुढच्या मुलीला कॉल. ही साखळी नीट बांधली तर दागिन्यांपेक्षा कमी नाही.

बांधायची कशी, तर नंबर सोडून हँडसेट धरायचा. सिम बदललं तरी आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक, तोच राहतो. एका आयएमईआयवर कोणकोणती सिम चालली याची यादी कंपनीकडून मागवायची. यात नवशिका हमखास अडतो: सीडीआरमध्ये पंधरावा अंक पुष्कळदा शून्य छापलेला असतो, डब्यावरचा वेगळा असतो, आणि शोधणारा म्हणतो 'जुळत नाही'. पहिले १४ अंक घेऊन शोधायचं. दोन सिमांच्या फोनला दोन आयएमईआय असतात, दोन्ही चालवायचे. मग टॉवर: रात्रीचा मुक्काम आणि सकाळचा पहिला कॉल कुठून, हे प्रत्येक नंबरासाठी काढलं की सगळे नंबर एकाच गावात झोपतात हे दिसायला लागतं. वाळवंटी भागात एका टॉवरचा पल्ला काही किलोमीटरचा, त्यामुळे घर सापडत नाही, गाव सापडतं. पुढचं काम पायी.

वेताळ म्हणतात तसे जुने कॉल पुसले गेले असतील. ताज्या दोन-तीन खुनांचे तरी हातात येतात, आणि कलम २१९ ला हवेत तेवढेच की.

कलम_३०२

हातात येतात, पण जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५बी चं प्रमाणपत्र? सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा अर्जुन पंडितराव खोतकर निकाल, जालन्याच्या निवडणुकीवरून झालेला: इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र अनिवार्य. कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याची सही नसलेला सीडीआर म्हणजे रद्दी. त्या अधिकाऱ्याला साक्षीला बोलवावं लागतं, आणि तोवर त्याची बदली झालेली असते.

टेस्ट ट्यूब

एक गोष्ट कुणीच काढली नाही. कडी. 'आतून बंद' हे पंचनाम्यात कसं लिहिलंय यावर खून की आत्महत्या हा रस्ता फुटतो, आणि तिथेच प्रत्येक ठाणं चुकलंय. दार कुणी तोडलं, किती वाजता, कडी वाकली की बिजागर उखडलं, दाराच्या वर-खाली फट किती, आत फोन होता का, पिशवी होती का, पाण्याची बाटली होती का, गोळीचं वेष्टन सापडलं का. नवरीच्या वेशातली बाई परगावच्या बसस्थानकात एकटी, जवळ फोन नाही, पिशवी नाही, परतीचे पैसे नाहीत. आत्महत्या करायला निघालेली बाई फोन कुणाकडे ठेवून आली? कलम १७४ चा, म्हणजे अकस्मात मृत्यूचा, कागद भरणाऱ्या हवालदारानं एवढा एक प्रश्न लिहिला असता तर दुसऱ्याच प्रेतावर शंका आली असती.

१ जुलै २०२४ पासून नवी फौजदारी संहिता लागू आहे, १७४ चं आता १९४ झालं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकानं घटनास्थळी जाणं त्यात टप्प्याटप्प्यानं सक्तीचं होतंय. पण आधी त्याला गुन्हा म्हणायला हवं. मर्ग राहिला तर पथक येतच नाही.

वेताळ

हे मात्र लाख बोललात. नव्या संहितेत २१९ चं २४२ झालंय आणि तीनाऐवजी पाच गुन्हे जोडता येतात, कलम_३०२ यांच्या माहितीसाठी. दुसरा सीझन आला तर दोषारोपपत्रं तेवढी कमी.

पिंपळपान

टेस्ट ट्यूब, फोन-पिशवीचा प्रश्न हवालदारानं लिहिला नाही याचं कारणही मालिकेत आहे की. प्रेत ओळखायला कुणी येणार नाही, वरून विचारणा होणार नाही, हे त्याला ठाऊक असतं. 'आत्महत्या' लिहिलं की एका पानात संपतं; 'संशयास्पद' लिहिलं की व्हिसेरा, प्रयोगशाळा, वरिष्ठांना अहवाल, सगळं त्याच्याच गळ्यात.

रानवारा

६५बी वर माघार, दागिन्यांवर माघार. १६४ साठी दंडाधिकारी दिसत नाही, तेही खरं. बरण्यांचं मात्र नाही: सगळ्या ठाण्यांनी नीट भरल्या असं मालिका कुठे म्हणते? जिथे भरल्या तेवढीच प्रेतं यादीत आली. बाकीची कुठल्याच यादीत नाहीत.

टेस्ट ट्यूब

हे आधी लिहायचं होतं. मग आठ भाग पचले असते.

खिडकीतली सीट

सहा.